मोडकळीला आलेला क्लॅन सावरायचा क्रम

क्लॅश ऑफ क्लॅन्स या मोबाइल गेममध्ये खेळाडूंचा जो गट असतो तो क्लॅन. त्याची घडी विसकटली की बहुतेक लीडर एकच करतात. वॉर (दुसऱ्या क्लॅनशी लढत) हरल्यावर रात्री वैतागून फोन उघडतात, अटॅक न केलेल्या दहाबारा जणांना एका दमात किक मारतात म्हणजे क्लॅनमधून काढतात, क्लॅनच्या माहितीत 'अटॅक नाही तर थेट किक' असं लिहितात आणि क्लॅन सगळ्यांसाठी खुला करून ठेवतात. आठवड्यात जागा भरतात. महिन्याने पुन्हा तेच हरलेलं वॉर आणि तेच राहिलेले अटॅक. ओळखीची माणसं मात्र गेलेली असतात आणि त्यांच्या जागी कुणाशी अवाक्षर न बोलणारे आयडी (खाती) येऊन बसलेले असतात.

किक मारणं चूक नाही, ती सगळ्यात आधी मारणं चूक आहे. एका मराठी क्लॅनमध्ये मी आधी एल्डर, मग को-लीडर आणि आता लीडर म्हणून आहे (साध्या मेंबरच्या वरची ही चढती पदं). हा क्लॅन आम्ही दोनदा सावरला. पहिल्यांदा उलट्या क्रमाने गेलो आणि चांगली वीसेक माणसं गमावली. दुसऱ्यांदा जो क्रम धरला तो खाली देतोय. याला दोन महिने लागतात. पहिला महिना बघण्याचा आणि लिहून ठेवण्याचा, दुसरा बदलांचा. तेवढी सवड नसेल तर सुरुवातच करू नका, अर्धवट सुधारणेने क्लॅन जास्त फुटतो.

## सुरू करण्याआधी: हात लावायचा अधिकार तुमच्याकडे आहे का?

को-लीडर हा एल्डर आणि मेंबरला काढू शकतो, दुसऱ्या को-लीडरला नाही. त्यामुळे तुम्ही स्वतः को-लीडर असाल आणि बिघाड बाकीच्या को-लीडरमध्येच असेल, तर खालचं निम्मं काम तुमच्या हाताबाहेरचं आहे. आधी लीडरशी बोला. तो खेळत नसेल तर त्याला गेमबाहेर गाठा आणि सरळ विचारा: "दादा, तू परत येणार आहेस का? नसशील तर लीडरशिप देशील का?" बरेच जण आनंदाने देतात, त्यांना कुणी विचारलेलंच नसतं.

तो देतही नाही आणि येतही नाही, असं असेल तर नवा क्लॅन काढावा लागेल. पण क्लॅनची लेव्हल मागेच राहते, हे ध्यानात घेऊन निर्णय घ्या. वरच्या लेव्हलच्या क्लॅनमध्ये डोनेट केलेले ट्रूप्स (क्लॅनमधल्या दुसऱ्याने दिलेले सैनिक) लेव्हल वाढून मिळतात. नव्या क्लॅनमध्ये ते सगळं पहिल्यापासून कमवावं लागतं.

दुसरा प्रश्न माणसांचा. गेल्या दोन आठवड्यांत कुणाकुणाला खेळताना, डोनेट करताना, बोलताना पाहिलंत? बोटांवर मोजा. ५० जणांच्या क्लॅनमध्ये दहाच्या आत नावं आली तर सुधारणेचा नाद सोडून ओळखीच्या एखाद्या चालत्या क्लॅनशी बोला आणि ते सगळे जण एकत्र तिकडे जा. यात कमीपणा मानू नका.

सावधान: लीडर असताना दुसऱ्या क्लॅनमध्ये 'जरा डोकावून येतो' म्हणून बाहेर पडू नका. लीडर बाहेर पडला की लीडरशिप दुसऱ्याकडे जाते. डोकवायचंच असेल तर दुसरा आयडी वापरा.

## टप्पा १: एक महिना वही

एक वही घ्या किंवा फोनमध्ये शीट उघडा. प्रत्येक मेंबरसमोर हे लिहा:

१. गेममधलं नाव आणि प्लेयर टॅग (प्रत्येक खात्याचा वेगळा कोड). नाव बदलता येतं, टॅग बदलत नाही. टॅग वगळला तर महिन्याने 'हा कोण?' असा प्रश्न हमखास पडतो.

२. वॉर: किती अटॅक मिळाले, किती केले, समोरच्याचा बेस (गाव) पाडून किती स्टार आले. साध्या वॉरमध्ये प्रत्येकाला दोन अटॅक असतात, त्यामुळे '४ पैकी १' असं लिहा. टक्केवारी लिहू नका, भांडणात टक्केवारीवर कुणाचा विश्वास बसत नाही.

३. डोनेशन: दिलेलं आणि घेतलेलं. हा आकडा सीझन संपला की शून्यावर येतो, आणि माणूस क्लॅन सोडून परत आला तरी शून्यावर येतो. म्हणून सीझन संपायच्या आदल्या रात्री मेंबर यादीचे स्क्रीनशॉट काढा.

४. क्लॅन गेम्सचे पॉइंट (सगळ्या क्लॅनने मिळून आव्हानं पुरी करून पॉइंट कमवायचे). हे गेम्स सहसा महिन्याच्या २२ ते २८ तारखेला असतात.

५. रेड वीकेंड (क्लॅनने मिळून दुसऱ्या क्लॅनच्या राजधानीवर करायचे हल्ले): शुक्रवार दुपार ते सोमवार दुपार. प्रत्येकाला पाच अटॅक असतात आणि एखादा डिस्ट्रिक्ट (राजधानीचा एक भाग) पूर्ण पाडला की सहावा मिळतो. इथे फक्त 'आला' किंवा 'नाही आला' एवढंच लिहिलं तरी चालेल.

६. शेवटचा रकाना मोकळा ठेवा. तो सगळ्यात महत्त्वाचा आहे. त्यात कारण लिहायचं: परीक्षा, रात्रपाळी, नवी नोकरी, फोन फुटला.

त्या मोकळ्या रकान्याचं मोल एका मेंबरमुळे कळलं. टाऊन हॉल (गावाची मुख्य इमारत, तिच्या लेव्हलवरून खेळाडूची मजल कळते) ११ चा मुलगा, पाच वॉरमध्ये मिळालेल्या दहा अटॅकपैकी केलेले फक्त तीन. आधीच्या खेपेला असता तर तो पहिल्याच रात्री गेला असता. या वेळी वहीत वॉर संपल्याच्या वेळाही लिहिल्या होत्या. त्याने चुकवलेले सगळे अटॅक दुपारी दोन-अडीचला संपलेल्या वॉरचे निघाले. विचारलं तेव्हा म्हणाला, "दादा, मी चाकणला रात्रपाळीला असतो. सकाळी आठला घरी येतो, झोपतो ते संध्याकाळी उठतो. वॉर संपल्यावरच मला कळतं." वॉरची वेळ बदलल्यावर तोच मुलगा पुढच्या महिन्यात एकही अटॅक न चुकवता खेळला. दोष त्याचा नव्हता, वॉर लावणाऱ्या आमचा होता.

या महिन्यात कुणालाही काढू नका, बढती देऊ नका, नवा नियम सांगू नका. वही ठेवतोय हे मात्र उघड सांगा. लपून मोजमाप केलं आणि नंतर आकडे काढून दाखवले की माणसं बिथरतात.

तपासा: महिनाअखेर प्रत्येक नावासमोर निदान तीन वॉरची नोंद आहे का? ज्याला वॉरमध्ये घेतलंच नाही त्याच्यावर 'खेळत नाही' असा शिक्का मारता येत नाही.

## टप्पा २: को-लीडर आधी, बाकी सगळे नंतर

क्लॅन बिघडतो तो बहुतेक वेळा वरूनच. जुना मित्र म्हणून को-लीडर, भरपूर डोनेट केलं म्हणून को-लीडर, मागितलं म्हणून को-लीडर. होता होता ५० जणांत चौदा को-लीडर होतात आणि त्यातले नऊ महिनोन्महिने आलेले नसतात. को-लीडर वॉर लावू शकतो, क्लॅनच्या सेटिंग बदलू शकतो, माणसं काढू शकतो. एवढी ताकद चौदा फोनमध्ये विखुरलेली असताना कोणताच नियम टिकत नाही.

आम्ही याची किंमत मोजली आहे. एके दिवशी सकाळी उठून बघतो तर ४३ जणांच्या क्लॅनमध्ये ९ उरलेले. एका को-लीडरचं रात्री एका मेंबरशी वाजलं आणि त्या रागात त्याने दिसेल त्याला बाहेर काढलं. गेममध्ये हे उलटं फिरवायची सोय नाही. ज्यांचे टॅग लिहिलेले होते त्यांना शोधून बोलावणं पाठवता आलं. बाकीचे गेले ते गेले. तो को-लीडर वाईट मुलगा नव्हता, पण त्याला ते पद द्यायची गरजही नव्हती.

कामाचा क्रम असा:

अ) ५० च्या क्लॅनला तीन, फार तर चार को-लीडर पुरतात. प्रत्येकाला एक काम नेमून द्या: एक वॉर लावणारा, एक लीग (महिन्यातून एकदा होणारी क्लॅनची स्पर्धा) बघणारा, एक नव्या मेंबरचं बघणारा. काम नाही तर पद नाही, हे तत्त्व तेवढं पक्कं धरा.

आ) जे राहणार आहेत त्यांच्याशी आधी बोला. क्लॅन चॅटमध्ये नको, फोनवर. वही दाखवा. त्यांना पटलं नाही तर पुढे जाऊ नका. पहिल्या खेपेला मी हीच पायरी गाळली होती. मी नियम लावायचो आणि माझाच को-लीडर चॅटमध्ये 'जाऊ दे रे, एवढं काय' असं लिहायचा.

इ) जे पदावरून उतरणार आहेत त्यांना खाली आणण्याआधी प्रत्येकाला वेगळा निरोप द्या. मी पाठवलेला निरोप असा होता: "दादा, तू हा क्लॅन उभा केलास ते सगळ्यांना माहीत आहे. सध्या तुला वेळ नाही हेही दिसतंय. कामाचं पद कामावर असलेल्याकडे ठेवतोय, म्हणून तुला एल्डर करतोय. परत नियमित झालास की पहिला हक्क तुझा." नऊ जणांना हा निरोप गेला. एकाने क्लॅन सोडला, दोघांनी उत्तर दिलं नाही, सहा जण 'ठीक आहे भावा' म्हणाले.

ई) सगळ्यांना एकाच बैठकीत खाली आणा. आज दोन आणि उद्या तीन असं केलं तर उरलेल्यांना सुगावा लागतो, आणि राग काढायला त्यांच्या हातात एक रात्र मिळते.

सावधान: हे काम करताना पुढचा अर्धा तास मोकळा ठेवा. लोक विचारतील, त्यांना लगेच उत्तर मिळालं पाहिजे. पद उतरवून झोपायला जाणं हा भांडणाचा राजमार्ग आहे.

एल्डर या पदाकडे फार लक्ष द्यायची गरज नाही. तो सन्मान आहे, अधिकार थोडा आहे. वहीत ज्यांचे अटॅक नियमित आहेत त्यांना द्या आणि पुढे चला.

## टप्पा ३: वॉरची वेळ आणि आकार

नियमांच्या आधी हा टप्पा घ्यायचा, कारण 'अटॅक करत नाहीत' या तक्रारीतली निम्मी तक्रार इथेच मिटते.

वेळेचं गणित. तयारीचा दिवस २३ तासांचा, लढाईचा २४ तासांचा. म्हणजे मॅच सापडल्यापासून ४७ तासांनी वॉर संपतं. रात्री १० ला वॉर लावलं तर दुसऱ्या दिवशी रात्री ९ ला लढाई सुरू होते आणि तिसऱ्या दिवशी रात्री ९ ला संपते. शेवटचे तीन तास संध्याकाळचे येतात, त्या वेळी कॉलेजची मुलं आणि नोकरदार दोघंही फोन बघतात. दुपारी तीनला वॉर लावलंत तर ते दुपारी दोनला संपणार आणि शेवटच्या घाईच्या वेळी अर्धा क्लॅन कामावर असणार. रात्रपाळीवाल्यांनाही नऊची वेळ जमते, ते निघण्याआधी अटॅक करून जातात. दुबईत भारतापेक्षा दीड तास मागे घड्याळ आहे, तिथल्या आमच्या दोघांना वॉर संपतं तेव्हा साडेसात वाजलेले असतात. त्यांना आदल्या रात्रीच एक अटॅक करून ठेवायला सांगितलंय.

आकाराचं गणित. वॉर पाचाच्या पटीत लावता येतं, ५ विरुद्ध ५ पासून ५० विरुद्ध ५० पर्यंत. लीडरला मोठ्या वॉरचा मोह होतो. वही उघडा आणि गेल्या तीन वॉरमध्ये दोन्ही अटॅक करणारे किती ते मोजा. तेरा असतील तर १० चं वॉर लावा. पंधराचं लावून दोघे 'करतील बहुतेक' म्हणून घेतले की दोघांचे चार अटॅक गेले, ३० पैकी २६ उरले, आणि बरोबरीच्या समोरच्याशी तेवढ्या फरकावर वॉर जातं. दहाचं वॉर पूर्ण वीस अटॅकनी खेळून जिंकलेलं बघा. चॅट जागी होते, बाहेर बसलेले 'मला घ्या पुढच्या वेळी' म्हणू लागतात. क्लॅनला जाग अशी आतून यायला हवी.

वॉरमध्ये कुणाला घ्यायचं ते प्रत्येकाच्या हिरव्या-लाल निशाणीवरून ठरवा: हिरवी म्हणजे वॉरला तयार, लाल म्हणजे नाही. आपल्याला वेळ नसेल तेव्हा स्वतःची निशाणी लाल करायची, एवढी एक सवय लावली तरी वॉर लावणाऱ्याचं डोकं शांत राहतं. लाल निशाणीला शिक्षा नाही, हे पुन्हापुन्हा सांगा. काढून टाकतील या भीतीने लोक हिरवं ठेवतात आणि मग अटॅक चुकवतात.

तपासा: सलग दोन वॉरमध्ये सगळे अटॅक झाले का? झाले तरच आकार पाचाने वाढवा. एकात जरी तीनपेक्षा जास्त राहिले तर पाचाने कमी करा.

## टप्पा ४: पाच नियम, त्याहून जास्त नाहीत

नियम असा हवा की तो मोडला की नाही यावर दोघांचं दुमत होऊ नये. 'ॲक्टिव्ह राहा' हा नियम नव्हे. 'नीट डोनेट करा' हाही नव्हे. आमचे पाच असे आहेत:

१. हिरवी निशाणी ठेवली की दोन्ही अटॅक. अडचण आली तर वॉर संपायच्या आधी चॅटमध्ये एक ओळ.

२. पहिल्या १२ तासांत आपल्या समोरच्या नंबरवर किंवा ठरवून दिलेल्या बेसवर अटॅक. नंतर उरलेले बेस.

३. मागितलेलंच डोनेट करायचं. नसेल तर दुसऱ्यासाठी सोडायचं.

४. क्लॅन गेम्समध्ये निदान १,००० पॉइंट.

५. चॅटमध्ये आईबहिणीवरून शिवी नाही. पहिल्यांदा ताकीद, दुसऱ्यांदा बाहेर, मग तो कितीही चांगला खेळणारा असो.

चौथा आकडा असाच उचललेला नाही. क्लॅन गेम्सचं सगळ्यात वरचं बक्षीस सहसा ५०,००० पॉइंटला उघडतं आणि एका माणसाला जास्तीत जास्त ४,००० करता येतात. सगळेच्या सगळे ५० जण खेळले तर हजाराने भागतं. तीस जण खेळणारे असतील तर सरासरी १,७०० लागतात. आमच्याकडे सात-आठ जण पूर्ण ४,००० करतात, म्हणून बाकीच्यांना हजार पुरतात. तुमच्या वहीतले आकडे घालून तुमचा आकडा काढा.

महिन्याला किमान ५०० डोनेशन असा नियम पुष्कळ क्लॅनमध्ये दिसतो. तो लावू नका. आकडा भरायला लोक ड्रॅगन मागितलेल्या ठिकाणी आर्चर कोंबतात, आणि ज्याने मागितलं त्याचा अटॅक बिघडतो. लहान टाऊन हॉलच्या मुलांकडे तर द्यायला मोठे ट्रूप्सच नसतात.

एक सहावी गोष्ट, नियम नव्हे पण लिहून ठेवलेली: रजा. दहावी-बारावीच्या परीक्षा, गणपतीत कोकणातल्या घरी नेटवर्क नसणं, घरातलं लग्न, आजारपण. रजा सांगितली की वहीत 'र' लिहायचं आणि तो काळ मोजायचाच नाही. बोर्डाच्या परीक्षेच्या दिवसांत तर शाळकरी मुलांना मी स्वतः लाल निशाणी ठेवायला लावतो.

नियम क्लॅन मेलने पाठवा, क्लॅनच्या माहितीत थोडक्यात लिहा आणि अंमल एका आठवड्याने सुरू होईल असं सांगा. मागच्या चुका धरायच्या नाहीत.

सावधान: व्हॉट्सॲप ग्रुपची सक्ती करू नका. आमच्यासारख्या क्लॅनमध्ये शाळकरी मुलं असतात, काही मुली असतात. अनोळखी चाळीस जणांकडे त्यांचा नंबर जाणं बरोबर नाही. ज्यांना यायचं ते येतील, सूचना मात्र गेममध्येच पोहोचली पाहिजे. आणि अटॅक राहिला म्हणून दुसऱ्याचा आयडी-पासवर्ड मागून अटॅक मारणं पूर्ण बंद करा. खातं वाटून वापरणं गेम बनवणाऱ्या सुपरसेल कंपनीच्या अटींत बसत नाही, आणि खातं हरवलं तर तुमच्यावरच बोट येतं.

## टप्पा ५: पहिलं शिस्तीचं वॉर

नियम लागू झाल्यावरचं पहिलं वॉर तुम्ही स्वतः जवळून हाकायचं.

*तयारीचा दिवस.* क्लॅन कॅसल (बेसमधली इमारत, तिच्यात डोनेट केलेले ट्रूप्स राहून बेस राखतात) भरण्याचं काम दोघांना वाटून द्या, एक वरच्या निम्म्या बेसचा आणि एक खालच्या. हे काम सगळ्यांवर सोडलं तर वरचे तीन कॅसल भरतात आणि खालचे मोकळे राहतात. जे उरलंय ते टाकून मोकळं होणं ही दुसरी नेहमीची चूक. कॅसलमध्ये काय हवं ते आधी ठरवा, मग भरा.

*लढाईचा पहिला अर्धा.* प्रत्येकाने नेमून दिलेल्या बेसवर एक अटॅक करायचा. एका बेसवर तीनच स्टार असतात. आधीच दोन स्टार काढलेल्या बेसवर दुसऱ्याने पुन्हा दोन काढले तर क्लॅनच्या खात्यात काहीच पडत नाही. वरच्या खेळाडूने सोपे तीन स्टार मिळतात म्हणून तळातला बेस मारला की तळातल्या मुलाला मारण्याजोगं काही उरत नाही. तो मग वरच्या बेसवर आपटतो आणि नंतर चॅटमध्ये सगळे त्यालाच बोलतात. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की नियम २ वर मी कुणालाच सूट देत नाही, स्वतःलाही नाही.

*दुसरा अर्धा.* आता वॉर मॅप बघा. एक-दोन स्टार राहिलेले बेस कोणते आणि ते पूर्ण करू शकतील असे कोण उरलेत, याची जोडी लावून चॅटमध्ये नावानिशी लिहा: "७ नंबर, एक स्टार बाकी, पवन तू घे." नाव न घेता 'कोणीतरी ७ मारा' लिहिलं की एक तर कुणीच मारत नाही, नाहीतर तिघे मारतात. स्टार सारखे झाले तर एकूण विध्वंसाच्या टक्केवारीवर निकाल लागतो, त्यामुळे स्टार मिळणार नसला तरी उरलेला अटॅक वाया घालवू नका.

वॉर संपलं की स्क्रीनशॉट, वही, आणि चॅटमध्ये दोनच ओळी: कोणाचा अटॅक चांगला झाला आणि पुढचं वॉर कधी. कोण चुकला ते चॅटमध्ये लिहायचं नाही, त्याला वेगळं सांगायचं.

## टप्पा ६: लीग आणि बोनस मेडल

सगळ्यात जास्त भांडणं इथे होतात. महिन्याच्या सुरुवातीला लीगची नोंदणी उघडते. आठ क्लॅनचा गट, सात दिवस सात वॉर, आणि प्रत्येकाला दिवसाला एकच अटॅक. सातवा दिवस संपला की बोनस मेडल (लीगच्या नेहमीच्या मेडलवरचं जादा बक्षीस) कुणाला द्यायचे ते लीडर मंडळी ठरवतात, आणि बोनस मोजकेच असतात. निकाल लागल्यावर निकष ठरवलात की तोंड बघून वाटल्याचा आरोप होणारच. म्हणून निकष नोंदणीच्या आधी मेलने पाठवा. आमचा: पहिली अट, मिळालेले सगळे अटॅक केलेले असावेत. मग एकूण स्टार. स्टार सारखे असतील तर मागच्या महिन्यात ज्याला बोनस मिळाला नाही तो आधी.

१५ च्या लीगमध्ये पंधराच जणांना सातही दिवस खेळवणं ही आणखी एक सवय. जरा हिशोब करा. १५ गुणिले ७ म्हणजे १०५ अटॅक. आपल्या वाट्याचे पूर्ण मेडल मिळायला एका खेळाडूला आठवड्यात ८ स्टार लागतात. सरासरी दोन स्टार काढणाऱ्याला त्यासाठी चार दिवस पुरतात. २० जणांत १०५ अटॅक वाटले तर प्रत्येकाला पाच येतात. म्हणजे वीस जण पूर्ण मेडल घेऊन जातात आणि बाकावर कुणी बसून राहत नाही. रोज कोण आत, कोण बाहेर याचा तक्ता पहिल्याच दिवशी टाका. वरच्या लीगसाठी झटत असाल तर पक्के दहा जण रोज ठेवा आणि पाच जागा दहा जणांत फिरवा. मात्र तसं आधी सांगा, कारण पाच जागांचे ३५ अटॅक दहा जणांत वाटले की वाट्याला तीन-चारच येतात.

तपासा: नोंदणीच्या वेळी सगळे क्लॅनमध्ये आहेत ना? एकदा दुसऱ्या क्लॅनकडून लीगमध्ये नाव गेलं की त्या महिन्यात तो तुमच्याकडून खेळू शकत नाही.

## टप्पा ७: आता किक

इथवर आलात की काढायची नावं अगदी थोडी उरतात. आमच्या दुसऱ्या खेपेला पन्नासातली अकरा उरली होती, आणि त्यातल्या आठ जणांनी गेम केव्हाच सोडलेला होता.

क्रम: आधी महिनाभर न आलेले. त्यांच्याबद्दल चॅटमध्ये एक ओळ टाका, कुणी त्यांना ओळखत असेल तर विचारेल. मग नियम १ सलग तीन वॉरमध्ये मोडलेले. त्यांना दोन ताकिदी वेगळ्या दिलेल्या असल्या पाहिजेत आणि वहीत तारखेसह असल्या पाहिजेत. काढताना जो मजकूर लिहिता येतो तो मोकळा सोडू नका: "तीन वॉर, सहापैकी एक अटॅक. वेळ मिळाला की परत ये, दार उघडं आहे." शेवटची ओळ मनापासून लिहा, कारण लोक खरंच परत येतात.

सावधान, तीन वेळी किक मारायची नाही: वॉर चालू असताना, कारण त्याचा बेस मॅपवर तसाच राहतो आणि तुमचे अटॅक मात्र कमी होतात. लीगच्या आठवड्यात. आणि वॉर हरल्यानंतरच्या पहिल्या रात्री.

एका दिवशी चारपेक्षा जास्त काढू नका. यादी दहाने घटलेली दिसली की टिकणारी माणसंही दुसरा क्लॅन शोधायला लागतात.

## टप्पा ८: रिकाम्या जागा

क्लॅन 'फक्त बोलावणं' वर ठेवा आणि किमान टाऊन हॉलची अट घाला. सगळ्यांसाठी खुला ठेवलात तर ट्रूप्स घेऊन दहा मिनिटांत निघून जाणारे येतात. जागा रिकामी राहिली तर राहू द्या. ३२ खेळणारे असलेला क्लॅन ५० भरलेल्या मुक्या क्लॅनपेक्षा लवकर उभा राहतो.

नव्या माणसाचं त्याच दिवशी नावानिशी स्वागत व्हायला हवं, हे काम नेमलेल्या को-लीडरचं. पहिले दोन आठवडे वॉर नाही, फक्त डोनेशन आणि रेड. मग एक छोटं वॉर. एल्डर तीन वॉरनंतर, मागितलं तरी त्याआधी नाही. ज्याला आपण काढलं होतं तो परत आला तर त्यालाही हेच दोन आठवडे. वहीत नवं पान नको, जुन्याच पानावर आल्याची तारीख टाका. आमच्या त्या अकरा जणांपैकी तिघे असे परत आले. त्यातल्या एकाकडे आज लीगचा तक्ता आहे.